मागून घेतलेली शिवी

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझे अक्षर चांगले नाही. चौथीपर्यंत चांद्याच्या मुलींच्या शाळेत गेले, त्यानंतर लिहिण्याचा संबंध भिंतीवर दुधाच्या हिशेबाच्या रेघा ओढण्यापुरताच राहिला. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, हे शाळेतल्या बाई शिकवत होत्या तेव्हाही मला कळले नाही. ओळ कितीही सरळ धरली तरी बांधावरच्या म्हशीसारखी हळूच खाली धानात उतरते. ज्याच्या हाती हे कागद पडतील त्याने सांभाळून घ्यावे.

दुसरी माफी शिव्यांसाठी. मला जे लिहायचे आहे ते शिव्यांशिवाय लिहिता येणार नाही. बोलताना शिवी हसत हसत येते आणि निघून जाते. कागदावर मात्र ती डोळे वटारून बसते. म्हणून वाचणाऱ्याने एवढे करावे, शिवी आली की ती कोणी दिली आणि कोणाला दिली ते आधी पाहावे. मग रागवायचे तर रागवावे. एकदोन शिव्या मी गाळल्या आहेत. त्या लिहायला माझा हात धजत नाही.

माझे माहेर चांद्याचे, किल्ल्याच्या भिंतीच्या आतले. वडील लाकडाच्या टालावर मुनीम होते. आमच्या घरात कोणाचा आवाज चढत नसे. वडिलांना फारच राग आला तर ते म्हणत, "शहाणी आहेस." एवढेच. पण ते म्हणाले की त्या दिवशी मला घास उतरत नसे. आईला राग आला की ती घासलेली भांडी पुन्हा घासायला बसे. अशा घरातून मी मूलच्या पलीकडच्या एका धानाच्या गावात सून म्हणून गेले, आणि तिथे माझ्या सासूबाई होत्या.

सासूबाई शिव्यांसाठी पंचक्रोशीत नावाजलेल्या. पहाटे कोंबड्यापासून सुरुवात व्हायची. "आरवला मुडदा!" मग चुलीची पाळी. "पेट ना वं भवाने!" ऊन वर आले की, "आला मेला डोक्यावर." दर शनिवारी मारोतीला तेल घालायला जात, तिथेही ऐकवून येत. "बसून खाते नुसता. गावात ताप आला तं उठत नाई." आणि तेल मात्र पळी उपडी करून घालत.

पहिले काही दिवस मला त्यांनी एकही शिवी दिली नाही. "बाई, जेव." "बाई, थकली असशील, बस." सगळ्या घरावर शिव्या बरसत होत्या आणि मी तेवढी कोरडी. मला वाटायचे, केवढे माझे भाग्य! मग एकदा माझ्या हातून दूध उतू गेले. सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "भैताडे! डोळे का कपाळात गेले तुहे? अख्खं दूध चुलीले पाजलं!"

मी गोठ्यात जाऊन रडत बसले. मागून नणंद आली. ती माझ्याहून थोडी लहान, आणि त्या घरातली माझी एकुलती एक मैत्रीण. तिच्या हातात गुळाचा खडा होता.

"घे वैनी, तोंड गोड कर."

"कशाचं?"

"आईनं तुले भैताडी म्हटलं ना! आता तू घरची झाली. आतापावेतो पाहुनी होती."

मग तिने मला त्या घराची रीत समजावून सांगितली. आई ज्याच्यावर ओरडते त्याची काळजी करू नये. काळजी करावी ती आई ज्याला गोड बोलते त्याची. शेजारच्या काकूशी एकदा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बिनसले होते, तेव्हा त्या दोघी जन्माच्या मैत्रिणी एकमेकींना "कशा हाव बाई तुमी?" "बरी हावो बाई, तुमी कशा?" असे विचारू लागल्या, आणि सारे गाव घाबरून गेले. धुरा मोजून झाला त्या दिवशी सासूबाईंनी कुंपणावरून हाक मारली, "अवं सटवे, ताक देतं का?" तेव्हा कुठे गावाच्या जिवात जीव आला.

समजले सगळे, पण माझ्या तोंडाला ते जमेना. आमची म्हैस शिवी दिल्याशिवाय जागची उठत नसे. मी म्हणायचे, "ऊठ ना गं." ती रवंथ करत माझ्याकडे पाहत राहायची.

"असं नाई वैनी. ऊठ मुर्दाडे, असं म्हण," नणंद शिकवायची.

मी तेच म्हणायचे, पण आवाज असा निघायचा की जणू म्हशीची माफीच मागते आहे. नणंद हसता हसता एकदा शेणात बसली.

पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न ठरले. मुलगा कुरखेड्याच्या बाजूचा, घरचे धानाचे वावर, पाठीशी जंगल. वऱ्हाड येणार होते बैलगाड्यांनी, वैनगंगेचे कोरडे पात्र ओलांडून. लग्न संध्याकाळचे, गोरजावर. त्याआधी दुपारी वऱ्हाडाची पंगत, आणि पंगत म्हटले की शिव्यांची गाणी.

ज्यांनी ती ऐकली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पुरुष पळसाच्या पत्रावळींवर जेवायला बसले की नवरीकडच्या बायका बांबूच्या विणलेल्या ताटव्याआड बसून गायला लागतात. एकेका वऱ्हाड्याला नेमून, त्याचे पोट, नाक, टक्कल, चालणे, खाणे, काढायचे ते सगळे काढतात. ज्याच्यावर गाणे झाले त्याने ताटव्यापुढच्या पितळी ताटात पैसा टाकायचा. शिवी चांगली झोंबली तर आणा. त्यात एकच नियम असतो, पंगतीतला कोणी सुटता कामा नये. नवरदेवाच्या बापापासून गाडी हाकणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ओळ मिळाली पाहिजे. शिवी मिळाली म्हणजे सोयरीक जुळली.

सकाळी वऱ्हाड उतरले तेव्हा आम्ही सगळ्या बायका माडीच्या दारातून... माडी कसली, धानाची कोठी ठेवायचा माळाच तो, पण तिथून सगळे दिसायचे. बायका एकेकाला पाहून ओळी जुळवत होत्या. नवरदेवाचा बाप गाडीतून उतरला तेव्हा गाडी वीतभर वर आली. काकाच्या डोईवर ऊन चमकत होते. सासूबाईंचे डोळे नुसते लकाकत होते.

शेवटच्या गाडीतून नवरदेवाचा मामा उतरला. उंच, पांढऱ्या मिशा, हातात बांबूची काठी. आधी काठी खाली आली, मग एक पाय, आणि मग दुसरा पाय त्याने हाताने उचलून खाली ठेवला. गुडघ्याखाली तो वाळून गेला होता. मोहाची फुले वेचायला गेला असताना अस्वलाने धरले होते, असे कोणीतरी सांगितले.

आमच्या माळ्यावरचे ओळी जुळवणे थांबले. त्याच्यावर काहीही गायचे म्हटले तरी पायावरच येणार. सासूबाई म्हणाल्या, "बिचारा. त्याले सोडा वं. देवानं आधीच मारलं, आपून काय मारा?"

सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. सासूबाईंच्या तोंडून एवढा मऊ शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझे तर डोळेच भरून आले.

पंगत बसली. मला गाता येत नसल्याने माझ्याकडे वाढण्याचे काम होते. कढीही माझ्याकडेच, पहाटेपासून मी तीच करत होते. त्यासाठी ताक गावभरातून मागून आणलेले. पंगतीत माझे वडीलही बसले होते, मुलीच्या सासरचे लग्न म्हणून चांद्याहून खास आलेले, गळाबंद कोट घालून, अगदी ताठ.

सासूबाईंनी ताटव्याआडून सूर लावला.

"इवाई आले गाडीत बसून, बैल राह्यले पायी,
बैलाले गवत, इवायाले भात, फरक दिसत नाई!"

नवरदेवाचा बाप पोट धरून हसला आणि त्याने ताटात आणा टाकला. मग काकाची पाळी.

"काकाजीच्या डोईवर जागा हाय मोठी,
वड्या वाळू घाला बाई, जाता काऊन कुठी?"

काकाने टोपी काढून टक्कल पुरे दाखवले. पंगत खदखदत होती. एकेक करत गाणे पुढे सरकत होते, आणि ज्याची पाळी येई तो आधीच मिशीतल्या मिशीत हसायला लागे. मामाच्या अलीकडचा झाला. मामाने काठी मांडीशी नीट ठेवली, कमरेची पिशवी सोडून पुढे घेतली आणि ताटव्याकडे पाहिले.

गाणे त्याला ओलांडून पलीकडच्या गाडीवानावर गेले.

मी तेव्हा त्याच्या समोरच होते. त्याचा हात पिशवीवरच राहिला. गाडीवानाने आपला पैसा टाकला, त्याच्या पलीकडच्यानेही टाकला, पंगतीचे टोक आले, गाणे पहिल्यापासून दुसऱ्या फेरीला लागले. मामाने पिशवी पुन्हा कमरेला बांधली. पत्रावळीवर पाणी फिरवले आणि काठी टेकून उठला.

पंगतीतून एक उठला की सगळ्यांनी उठायचे, अशी रीत. हात थांबले. नवरदेवाचा बाप म्हणाला, "काऊन उठला, भाऊ?"

"पोट भरलं."

"भात तं आताच वाढला."

"मले पोचलं," मामा म्हणाला. "तुमी जेवा. मी गाडी जुंपतो."

तेव्हा सगळ्यांना कळले. मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय नवरदेवाचे लग्न लागत नाही, आणि मामा तर बैल शोधायला निघाला होता. माझे सासरे टोपी हातात घेऊन आडवे आले. "मामासाहेब, आमचं काई चुकलं असन तं..."

"नाई जी. तुमचं काई चुकलं नाई. तुमी लय चांगले लोक हाव."

ताटव्याआड सासूबाई बाजूच्या बाईला हळूच म्हणाल्या, "आयकलं का? तो चांगलं बोलून राह्यला. गेलं लगन."

त्या घाईघाईने सूर लावायला गेल्या, "मामाजीचा पाय हो..." आवाज फाटला. मामाने ताटव्याकडे वळून हात जोडले.

"राहू द्या बाई. मागून घेतलेली शिवी काय कामाची?"

सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या. उभ्या गावाला शिव्या देणारी बाई, आयुष्यात एकदाच दया दाखवली, आणि तीच अंगाशी आली.

मी कढीचा दुसरा गंज, म्हणजे मोठे पातेले, भरायला आत गेले. आतल्या खोलीत नणंद हळदीच्या अंगाने, डोक्याला बाशिंग बांधून बसली होती. तिने सगळे ऐकले होते. तिने माझा हात धरला. हात थंडगार. लग्नाची पंगत उठून वऱ्हाड परत गेले तर त्या पोरीला पुन्हा कोण करतो? मी तरी काय करणार होते? माझे काम वाढण्याचे. मी गंज उचलला आणि बाहेर आले.

मांडवात सगळे उभे. सासरे हात जोडून, वडील कोटाच्या गुंड्या चाचपत, आणि मामा बैलांकडे जायला वळलेला. मी गंज पोटाशी धरून बाजूने निघाले, आणि तो वळताना त्याची काठी माझ्या गंजावर बसली. गंज निसटला. सगळी कढी माझ्या लुगड्यावर, जमिनीवर, आणि मामाचा चांगला पाय घोट्यापर्यंत त्यात.

पहाटेपासून चुलीशी भाजत होते मी. गावभर ताकासाठी हिंडले होते. आत नणंद, बाहेर हा सगळा गोंधळ, आणि आता पायाखाली कढीच कढी. माझ्या पोटातून काहीतरी वर आले आणि मला अडवता आले नाही.

"ए लंगड्या मुर्दाड्या! एक पाय अस्वलानं खाल्ला तं दुसरा माह्या कढीत काऊन घातला? डोळे बी त्यालेच देऊन आला का?"

पुढचा शब्द मी लिहीत नाही. तोही निघाला.

मी वडिलांकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग पत्रावळीकडे, मग आढ्याकडे.

मामा कढीत उभा होता. आधी त्याचे खांदे हलले, मग मिशा, आणि मग तो असा हसला की काठी हातातून पडली. हसता हसता त्याला उभे राहवेना. तो तिथेच, कढीत, बसला.

"पाहा! पाहा जी! आता देल्ली कोणी मले शिवी!" डोळे पुसत तो म्हणाला. "आण वं पोरी, कढी आण."

"कढी कुठी हाय आता?" मी म्हणाले. माझा आवाज अजून खाली आला नव्हता. "तुमीच तं सांडली सारी. बसले त्याच्यातच."

"मंग वरणावर भागवतो. वाढ भात."

सगळे पुन्हा खाली बसले. ताटव्याआड सासूबाईंना एकदम जीव आला.

"एक पाय देल्ला अस्वलाले, एक देल्ला कढीत,
घरी जाले मामाजीले बसवा आता गाडीत!"

मग त्यांनी त्याला सोडलेच नाही. मिशा, काठी, पाय, अस्वल, अस्वलाची बायको, सगळे काढले. आधी सोडल्याची सारी भरपाई करून टाकली, आणि मामा प्रत्येक ओळीला भाताचा नवा ढिगारा मागून घेत होता.

जेवण झाल्यावर त्याने पितळी ताट मागवले. गाणाऱ्या बायकांसाठी त्यात आणा टाकला. मग मला बोलावले. मी खांबामागे लपले होते. सासूबाईंनी मला पुढे ढकलले, "जाय ना वं, आता काऊन लाजतं? तोंड उघडताना लाजली नाई!"

"या बायांनी गायल्या त्या जुळवलेल्या होत्या," मामा म्हणाला. "हिची पोटातून निघाली. अशा शिवीचा भाव रुपया." पिशवी उलटी केली तर चारच आणे निघाले. "हे घे. बारा आणे उधार."

नवरदेवाचा बाप आपली पिशवी काढू लागला. मामाने त्याचा हात धरला. "शिवी माही हाय. मीच देईन."

गोरजावर लग्न लागले. मामा काठी टेकून नवरदेवाच्या पाठीशी उभा होता. वडिलांनी रात्री निजण्याआधी मला एवढेच म्हटले, "तुझा आवाज चांगला आहे गं. आम्हाला कळलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी पाठवणी. बैल जुंपेपर्यंत मामा जात्याजवळ टेकून बसला होता आणि मी शिदोरी बांधत होते. तो आपणहून बोलला.

"पोरी, अस्वलानं धरलं तवापासून मले कोणी भांडलं नाई. पयले माहा भाऊ धुऱ्यासाठी रोज भांडे. आता म्हणते, घे तुलेच, तुही हालत अशी. बायको पयले दिवसातून दहादा मुडद्या म्हणे. आता तुमी जेवा, तुमी निजा. बजारात गेलो तं लोक बाजूले सरते, बिचारा म्हणते. बिचारा म्हणजे का, माहीत हाय का तुले? जिता असून मेलेला. लंगडा म्हणा ना, लंगडा तं मी हावोच."

मी म्हणाले, "बारा आणे विसरू नका."

"नाई देत," तो म्हणाला, आणि हसत गाडीत चढला.

तेव्हापासून ते बारा आणे आमच्यात चालू राहिले. दिवाळीला तो नणंदेला पोचवायला आला तेव्हा अंगणात पाऊल ठेवायच्या आधीच ओरडला, "कुठी हाय ती चांद्यावाली? पैसे नाई आणले म्हणा!" मी ओसरीवर येऊन त्याला जे काही सुनावले, त्याचा त्याने आणा दिला. म्हणाला, याज. मग मुद्दलाचा एक वेगळा दिला. कधी कुरखेड्याकडून धान घेऊन येणाऱ्या गाडीवानाजवळ निरोप पाठवायचा, "अजून जिता हावो, उधारी बाकी हाय." मीही त्याच्याचजवळ उत्तर द्यायचे. एकदा नवखा गाडीवान होता. निरोप ऐकून त्याचे तोंड लाल झाले. "बाई, हे मी त्यायले कसं सांगू?" सासूबाई आतून ओरडल्या, "जसं तिनं सांगतलं तसं सांग भैताडा, नाई तं तो पैसे देणार नाई!"

मला शिव्या यायला लागल्या त्या अशा. म्हैसही मग उठू लागली.

पण एक प्रसंग लिहिलाच पाहिजे. नणंदेला आणायला मी एकदा तिच्या सासरी गेले होते. मामाने आम्हाला कुरखेड्याच्या बाजारात नेले. बाजारभर मी त्याला ऐकवत होते, "ए लंगड्या, चाल ना पटपट, ऊन झालं," आणि तो भेटेल त्याला सांगत होता, "ही माही सावकारीण." एका कापडाच्या दुकानापुढे तो काठी टेकून थांबला. दुकानदाराने आमचे बोलणे ऐकले होते. त्याला वाटले, चालते आहे. गादीवरूनच म्हणाला, "ए लंगड्या, बाजूले हो. गिऱ्हाइकाची वाट अडते."

तोच शब्द. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, माझ्याच तोंडून निघून थंडही झाला नव्हता. पण माझ्या अंगाला असा चटका बसला की मी पुढे झाले.

"त्याले तू कोण म्हणणारा?"

दुकानदार चकित झाला. "बाई, तुमीच तं म्हणून राह्यल्या!"

"मी म्हणन. तुह्या घरी जेवला का तो? तुही कढी सांडली का त्यानं?"

दुकानदाराला काहीच समजले नाही, आणि कसे समजावे? मला तरी ते कोठे सांगता येत होते. त्या शब्दात त्याने मामाला पाहिलेच नव्हते, फक्त वाट अडवणारे काहीतरी पाहिले होते. मी म्हणायचे तेव्हा माझ्या डोळ्यापुढे कढीत बसून हसणारा माणूस असायचा.

मामाने माझा पदर ओढला. "चाल वं. त्याचा अन् माहा हिसाब नाई." रस्त्याने तो काठी टेकत पुढे निघाला. मग म्हणाला, "असं भांडलं माह्यासाठी कोणी, लय दिवसांनी." त्या दिवशी त्याने दोन आणे दिले, मी न मागता.

चार आणे उरले आणि तिथेच अडले. मी कितीही सुनावले तरी तो एक पैसा पुढे सरकेना. "सारे देल्ले तं तू मले विचारशील काऊन?" असे म्हणायचा. मीही सोडत नव्हते.

नवे पैसे आले त्या सुमाराला नणंदेला मुलगी झाली. बारशाला मी आणि सासूबाई गेलो. मामाचे घर तिच्या घराला लागूनच. अंगणात पाऊल ठेवतो तो त्याच्या घरातून आवाज आला. बाईचा आवाज, चांगला खणखणीत.

"ए लंगड्या! पाट आणतं का तो बी पाय मोडू? पाहुने आले, अन् बसला दात काढत मुडदा!"

सासूबाई जागीच थांबल्या. कान देऊन ऐकले आणि म्हणाल्या, "चांगली हाय वं बाई ही."

नणंदेने मला सगळे सांगितले. मामा घरी रात्रंदिवस बारा आण्यांचेच पुराण लावत असे. काय म्हणाली, कशी म्हणाली, गाडीवान कसा लाजला. मामी ऐकून घ्यायची, "तुमी जेवा आता" म्हणायची. पुन्हा तेच, पुन्हा तेच. एकदा भाकरी थापताना तिचा तोल गेला. तिने पिठाचा गोळा त्याच्यावर फेकला आणि ओरडली, "त्या चांद्यावालीकडंच जाय ना मुडद्या, तिचंच आयकून पोट भरते तं!" मग घाबरून तोंडावर हात ठेवला. मामा पीठ पुसत उठला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटला. त्या दिवसापासून तिचे तोंड जे सुटले ते सुटलेच. हे पाहून भावानेही धुऱ्याचे भांडण पुन्हा काढले होते.

बारसे झाले. मुलीला पाळण्यात घातल्यावर सासूबाईंनी तिच्या गालाला बोट लावले आणि तिला अशा काही शिव्या घातल्या की सगळ्या बायका पोट धरून हसल्या आणि नणंदेच्या डोळ्यांत पाणी आले.

मामा पाट घेऊन आला, माझ्यासमोर ठेवला आणि त्यावर बस म्हणाला. मी बसले नाही. मी सुरुवात केली, "पयले चार आणे काढ, बुडव्या..."

"थांब वं." त्याने पिशवी सोडली. "आता घरीच भेटते, फुकटात. तुही उधारी कायले ठेवू?"

आतून मामी ओरडली, "देतं का नाई त्या पोरीचे पैसे? का तेही अस्वलानं नेले?"

"देऊन राह्यलो ना मुर्दाडे!" त्याने तिकडे ओरडून सांगितले, आणि त्याचे तोंड असे फुलले होते की पाहत राहावे.

माझ्या हातावर त्याने एक नवे नाणे ठेवले. पंचवीस नवे पैसे. मी असे नाणे पाहिले नव्हते, म्हणून नणंदेला विचारले, हे किती?

"चार आणे, वैनी," ती म्हणाली. "पुरे चार आणे."

मी ते पदराच्या गाठीला बांधले. रुपया फिटला.